शरीर सांगते ते आणि माणूस सांगतो ते

(गोव्यातल्या डिचोलीत उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली मावशी आणि महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेची तयारी करणारी तिची भाची यांच्यातला हा संवाद.)

भाची : मावशी, विषय आहे, 'लिंग शरीराने ठरते, मनाने नाही.' मला अनुकूल बाजू आलीय. सोपे आहे ना? एक्सएक्स म्हणजे बाई, एक्सवाय म्हणजे पुरुष.

मावशी : पुस्तकातले ते वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. गर्भ साधारण सहा-सात आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा की मुलगी हा फरक दिसतच नाही. दोन्ही प्रकारच्या जननमार्गांच्या नळ्या त्याच्यात असतात. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचे जनुक आहे. 1990 साली लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी ते शोधले. ते वेळेवर कामाला लागले की वृषण तयार होतात, त्यांतून टेस्टोस्टेरॉन स्रवते आणि शरीर पुरुषाच्या वाटेला लागते. गुणसूत्रे, ग्रंथी, संप्रेरके, बाहेरचे अवयव अशा या पायऱ्या. बहुतेकांच्या बाबतीत त्या सगळ्या एकाच दिशेने जातात, काहींच्या बाबतीत मध्येच फाटा फुटतो.

भाची : म्हणजे कसा?

मावशी : स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो घे. 1985 साली कोबे इथल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तपासणी झाली आणि तिच्या पेशींत एक्सवाय निघाले. तिच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणामच होत नव्हता, त्यामुळे बाहेरून ते बाईचेच घडले होते. तिची पदके, शिष्यवृत्ती, सगळे गेले. झगडून 1988 साली ती मैदानावर परतली. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरचे रौप्य मिळवले, तेही अशाच तपासणीनंतर काढून घेतले. आपण कोण, हे या दोघींना जन्मभर ठाऊक होते. प्रयोगशाळेने मात्र वेगळेच सांगितले.

भाची : मग शरीराचे लिंग असे काही नसतेच म्हणायचे?

मावशी : छे! तसे म्हणालीस तर परीक्षक तिथल्या तिथे पकडतील. प्रजननाला लागणाऱ्या पेशी दोनच, अंडपेशी आणि शुक्राणू. तिसरी नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असो की प्रोस्टेटचा त्रास, डॉक्टरला समोरच्या माणसाचे शरीर कोणते हे विचारावेच लागते. माझा मुद्दा एवढाच, की ते सांगून झाले तरी माणसाबद्दलचा आणखी एक प्रश्न शिल्लक राहतो. तो स्वतःला कोण म्हणून ओळखतो?

भाची : ते तर घरच्यांनी शिकवलेले असते. मुलीला बाहुली, मुलाला बॅट.

मावशी : बाहुली-बॅट शिकवता येते, ओळख शिकवता येत नाही. 1965 साली कॅनडात डेव्हिड रायमर नावाचा मुलगा जन्मला. सुंता करताना त्याच्या लिंगाला कायमची इजा झाली. जॉन मनी या नामांकित मानसशास्त्रज्ञाने आईवडिलांना सल्ला दिला, याला मुलगी म्हणून वाढवा. नाव बदलले, फ्रॉक घातले, शस्त्रक्रिया केली, पुढे संप्रेरकेही दिली. मनी जगाला सांगत राहिला की प्रयोग यशस्वी झाला. ते मूल मात्र त्या आयुष्यात कधीच रमले नाही. चौदाव्या वर्षी वडिलांनी खरे सांगितले आणि तो पुन्हा मुलगा म्हणून जगू लागला. 2004 साली, अडतिसाव्या वर्षी, त्याने जीवन संपवले.

भाची : मावशी, हे तर माझ्याच बाजूचे झाले! शरीर पुरुषाचे होते, म्हणून मनही पुरुषाचेच राहिले.

मावशी : चांगला पकडलास मुद्दा. त्याच्या बाबतीत दोन्ही जुळत होते, हे खरेच. पण बाहेरून कितीही दाब आणला तरी आतली जाणीव बदलत नाही, हेही तिथेच दिसले. आता ज्या मुलाला सगळा गाव मुलगा म्हणतो आणि जे आतून स्वतःला मुलगी समजते, त्याच्यावरही असाच दाब असतो. मारतात, घरात कोंडतात, लग्न लावून देतात, तरी जाणीव राहते. ती कशामुळे येते, हे एका जनुकाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. पण तो मनाचा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मंजूर केलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तो विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढला आहे.

भाची : पण आपल्या जत्रांतल्या दशावतारी काल्यात पुरुष साडी नेसून द्रौपदी होतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही.

मावशी : कारण ती भूमिका आहे. दशावतारी कलाकार ओमप्रकाश चव्हाणांची स्त्रीभूमिका बघायला आपले लोक रात्र जागवतात, ती कलेसाठी. रंग उतरवला की भूमिका संपली. ओळख रंगासारखी उतरत नाही. कोणावर प्रेम जडते हा प्रश्न तर आणखी वेगळा. 2015 च्या जानेवारीत आपल्याच राज्याचे युवा धोरण मांडताना समलिंगी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) तरुणांना 'नॉर्मल' करण्यासाठी केंद्रे काढण्याची भाषा झाली आणि देशभर टीका ओढवली. सगळे एकाच पोत्यात भरले की असे होते.

भाची : आपल्या मराठी मुलखातले उदाहरण सांग ना. परीक्षकांना तेच भावेल.

मावशी : दोन सांगते, आणि ती एकमेकांत मिसळू नकोस. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे. जन्माच्या वेळी मुलगी समजून नाव ललिता ठेवले, भरतीही महिला म्हणून झाली. पुढे तपासणीत वाय गुणसूत्र निघाले. शस्त्रक्रियेसाठी रजा मिळेना, म्हणून 2017 साली उच्च न्यायालयात जावे लागले. अखेर सरकारने परवानगी दिली आणि 2018 साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. वर्तमानपत्रांनी 'लिंगबदल' असे मथळे दिले. माझ्या मते इथे लिंग बदललेच नाही. जन्माच्या वेळी शरीर वाचण्यात चूक झाली होती, ती दुरुस्त झाली.

दुसऱ्या अंजली पाटील, जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या. त्या पारलिंगी. ग्रामपंचायतीत महिलांसाठी राखीव प्रभागात अर्ज भरला, तो अधिकाऱ्याने फेटाळला. जानेवारी 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने सांगितले की त्यांनी स्त्री ही ओळख स्वीकारली आहे, अर्ज घ्या. निवडणूक झाली आणि त्या निवडून आल्या. इथे कोणी गुणसूत्रे मोजली नाहीत, मोजायचे कारणही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नाल्सा खटल्याच्या निकालात आपली ओळख आपण सांगण्याचा हक्क मान्य केला होता, त्या वाटेनेच हे झाले.

भाची : मग खेळात काय करायचे? पुरुषाच्या शरीरात वाढलेली ताकद घेऊन कोणी बायकांत धावले तर?

मावशी : तो प्रश्न खराच आहे, तो विचारणाऱ्याला द्वेष्टा ठरवू नये. स्नायू, उंची, हाडे हा शरीराचा विषय आहे, तिथे शरीर विचारात घ्यावे लागेल. जागतिक ॲथलेटिक्सने 1 सप्टेंबर 2025 पासून महिला गटासाठी एसआरवायची चाचणी सक्तीची केली. गंमत नव्हे, पण ते जनुक शोधणाऱ्यांतल्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच हरकत घेतली, की एका जनुकावरून सगळे शरीर ठरत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये तिथल्या समानता कायद्यातल्या 'स्त्री'चा अर्थ जैविक स्त्री असाच लावला. हे वाद चालू राहतील. शर्यतीचा नियम शर्यतीपुरता असावा. तो दाखवून कोणाला शाळेतून, नोकरीतून किंवा भाड्याच्या खोलीतून बाहेर काढता येणार नाही.

भाची : मग मी अनुकूल बाजू मांडू तरी कशी?

मावशी : शरीराचे लिंग शरीराने ठरते, हे ठासून सांग, पुरावे आहेत. ओळख मात्र त्या माणसालाच विचारावी लागते, हेही मान्य कर. त्याने तुझी बाजू पडणार नाही. आणि एक ध्यानात ठेव. 2011 च्या जनगणनेत गोव्यात 398 जणांची नोंद स्त्री-पुरुष सोडून 'इतर' अशी झाली होती. त्यांच्यासमोर उभे राहून जे म्हणता येईल, तेवढेच व्यासपीठावरून म्हण.