सायकल सहल : सामान कोण नेणार?



दिवाळीची सुट्टी जवळ आली की सायकल सहलीचा विषय निघतो. मार्ग, मुक्काम, जेवण सगळं ठरतं. मात्र एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला सामान कसं न्यायचं, हे शेवटच्या दिवशी ठरवलं जातं. मीही तेच केलं होतं. त्याची गोष्ट पुढे सांगतेच. आधी पर्याय पाहू.

उदाहरणाला कोकणचा सागरी मार्ग घेऊ : मुरूड, दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, दापोली. मार्ग सुंदर आहे, पण चढ-उतार भरपूर आणि मध्ये खाड्याही आहेत. आगरदांडा ते दिघी आणि बागमांडला ते वेश्वी असा प्रवास फेरीबोटीने होतो. बोटीत सायकली जातात, चारचाकी गाड्याही जातात.

१. सामान सायकलवरच

सगळ्यात स्वस्त आणि स्वावलंबी मार्ग. मात्र पाठीवर जड सॅक नको. खांदे भरून येतात, पाठ घामाने भिजते आणि वजन उंचावर गेल्याने तोल जातो. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या लावाव्यात, जड वस्तू तळाशी ठेवाव्यात. सगळंच वजन मागे असेल तर चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल डगमगतं. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम. दोरीचं एकही टोक लोंबकळत ठेवू नका, ते चाकाच्या तारांत अडकतं.

२. सोबत टेम्पो

शाळेच्या सहलीत बहुधा हाच पर्याय घेतात. दमलेलं मूल आणि पंक्चर झालेली सायकल दोन्हींची सोय होते. तोटा असा की, "टेम्पो आहेच की!" म्हणून मुलं काहीही भरतात. १८ मुलं आणि प्रत्येकी ६ किलो म्हटलं तरी १०८ किलो झाले!

३. सामान आधी पुढे पाठवणं

एक शिक्षक सामान घेऊन एसटीने पुढे जाऊ शकतात. श्रीवर्धन, दापोली, गुहागर इथे एसटीचे डेपो आहेत. गट लहान असेल तर हे जमतं. पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवायचं तर चार-पाच दिवस आधी पाठवा आणि मुक्कामाच्या मालकांना फोन करून सांगून ठेवा. युरोपात डॅन्यूब नदीकाठच्या सायकल मार्गावर सकाळी बॅग हॉटेलात ठेवायची आणि संध्याकाळी ती पुढच्या हॉटेलात मिळते, अशी सेवाच आहे. आपल्याकडे ही जुळवाजुळव आपणच करायची.

४. मुक्काम एकच

श्रीवर्धनला तीन रात्री राहायचं. एक दिवस दिवेआगर, एक दिवस हरिहरेश्वर करून परत यायचं. सामान हलवायचंच नाही! पाचवी-सहावीच्या मुलांसाठी मला हाच पर्याय सर्वांत योग्य वाटतो.

आता माझी चूक

आमच्या सहलीत टेम्पो होता. निघताना मीच म्हणाले, "सगळं टेम्पोत टाका, सायकल हलकी ठेवा." मुलांनी आज्ञा पाळली. बागमांडल्याला टेम्पो आधीच्या बोटीने पलीकडे गेला. आम्ही मागे होतो. जेटीच्या अलीकडे सातवीतल्या एका मुलाला धाप लागली. त्याला दम्याचा त्रास होता, हे आम्हाला माहीत होतं. त्याचा पंप कुठे होता? टेम्पोतल्या बॅगेत, खाडीच्या पलीकडे!

फोन लागेना. त्याला सावलीत बसवलं, पुढे झुकून सावकाश श्वास घ्यायला सांगितलं. जेटीवरच्या माणसांनी पलीकडे निरोप पोचवला आणि परतीच्या बोटीने पंप आला. मुलगा सावरला. पण ती अर्ध्या-पाऊण तासाची वाट मी कधीच विसरणार नाही. आईने पंप आठवणीने दिला होता. तो त्याच्यापासून दूर करणारी मी होते.

तेव्हापासून आमचा नियम आहे : सामान कसंही जावो, ही पिशवी मुलाच्या अंगावरच राहील. त्यात काय हवं?

- रोजची आणि तातडीची औषधं
- पाणी, गूळ-शेंगदाणे
- ओळखपत्र, पालकांचे व शिक्षकांचे फोन नंबर (कागदावर!)
- थोडे सुटे पैसे
- शिट्टी आणि रुमाल

पालकांनो, औषध फक्त बॅगेत ठेवू नका. ते कुठे ठेवलंय हे मुलाला आणि शिक्षकांना तोंडी सांगा. जमलं तर जादा संच शिक्षकांकडे द्या.

वर्गात काय करून घ्याल?

१. प्रत्येकाने आपली भरलेली बॅग वजनकाट्यावर ठेवावी. मग "हे नसेल तर चालेल का?" असं विचारत वजन ५ किलोपर्यंत आणावं. निवड मुलांनीच करावी, आईने नाही.

२. नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' पाठाशी जोडा. ५ किलोची बॅग १०० मीटर उंच चढवायला ५ × ९.८ × १०० = ४९०० ज्यूल कार्य करावं लागतं. १२ किलोच्या बॅगेला? ११,७६० ज्यूल. जास्तीच्या प्रत्येक कपड्याची किंमत मुलांना आकड्यात दिसते.

३. नकाशावर खाड्या दाखवा आणि विचारा : टेम्पो पलीकडे आणि आपण अलीकडे असलो, तर आपल्याजवळ काय असायला हवं?

हा तिसरा प्रश्न मी सहलीआधी विचारायला हवा होता. तुम्ही नक्की विचारा.