बाष्पनिग्रह आणि प्रिय कथा : एक चिकित्साविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग वर्णिले आहेत. मलमूत्रादी वेगांची चौकशी आपण सर्व वैद्य करतो. त्याच मालिकेतील बाष्प, म्हणजे अश्रूंचा वेग, मात्र रुग्णास क्वचितच विचारला जातो. तो रोखल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात असे सांगून आचार्यांनी निद्रा, मद्य आणि प्रिय कथा हे उपाय दिले आहेत. मद्याविषयी आज न बोललेलेच बरे. परंतु 'प्रिय कथा' या दोन शब्दांवर आम्हांस येथे थोडे थांबावयाचे आहे.

माधवनगर येथील एक मध्यमवयीन रुग्ण वारंवार पडसे, अन्नद्वेष व छातीत जडपणा घेऊन आमच्याकडे आले. हृदयाच्या तपासण्या निर्दोष होत्या. अनेक भेटींनंतर कळले, की शाळेपासूनचा जिवलग मित्र दारूपायी गेला होता. जुन्या भांडणामुळे ते अंत्ययात्रेसही गेले नव्हते, आणि डोळ्यांतून टिपूसही काढले नव्हते. ब्राह्मी, जटामांसी चालूच ठेवून आम्ही त्यांस मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही कादंबरी वाचावयास सुचविली. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि सुऱ्या, चित्रे, फावड्या हे त्याचे मित्र, हा तिचा विषय. पोरे हसतात, टवाळी करतात; घरचे ताण व शाळेतील अपमान मात्र प्रत्येकाच्या वाट्याला वेगळे येतात आणि वर्षअखेरीस ती सोबत उरत नाही.

पुस्तक निम्म्यावर आले असता ते गृहस्थ घरी पुष्कळ वेळ रडले. पुढील भेटीत मित्राविषयी प्रथमच मोकळेपणाने बोलले. अन्नाची रुची हळूहळू परतली. पडसे मात्र ऋतुसंधीला अजूनही होते, हे नोंदविणे प्रामाणिकपणाचे होईल. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही. औषधाचा वाटा किती व ग्रंथाचा किती, हेही वेगळे काढता येणार नाही.

तरी संगती शास्त्रास धरून आहे. मानस दोषांवरील उपायांत ज्ञान, विज्ञान, धैर्य व समाधी यांबरोबर स्मृतीही सांगितली आहे. स्वतःची आठवण जेथे असह्य होते, तेथे दुसऱ्याच्या कथेतून ती सोसवेल अशा मात्रेत येते. पाश्चात्त्यांकडे सॅम्युएल क्रोदर्स यांनी १९१६ साली अशा ग्रंथोपचाराला नाव दिले. इंग्लंडमध्ये २०१३ पासून वैद्यकीय सल्ल्याने वाचनालयांतून निवडक पुस्तके देण्याची योजनाही आहे.

येथेही मात्रा व काल पाहावेत. दिवसा, थोडी थोडी पाने वाचावीत. शोक ताजा असता 'कोसला'तील मनूच्या मृत्यूसारखे प्रसंग देऊ नयेत. रुग्ण जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर पुस्तक बाजूस ठेवून त्यास त्वरित मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही झोपेच्या काढ्यासाठी महिनोन्‌महिने येणाऱ्या गिऱ्हाईकास बाटली देण्यापूर्वी घरी काय घडले आहे एवढे विचारावे आणि उत्तर लांबले, तर त्यास वैद्याकडे धाडावे.