हवेतील धातुकण : उगमाची पारख

बीड जिल्ह्यातील बहुतेक शाळांच्या अंगणातील कोरडी धूळ कागदावर पसरावी आणि कागदात गुंडाळलेला लोहचुंबक तिच्यावरून फिरवावा. बारीक काळे कण त्यास चिकटतात. हे लोहाचे कण कोठून आले, असा प्रश्न विद्यार्थी साहजिकच विचारतील. अशा वेळी मोटारींकडे किंवा कारखान्याकडे बोट दाखविण्याची घाई शिक्षकांनी करू नये. दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट नावाचे लोहयुक्त खनिज असते व पाषाण झिजून झालेल्या मातीतही ते उरते. केवळ लोह सापडले एवढ्यावरून हवा दूषित झाली, असे ठरत नाही.

मग वाढत्या शहराने हवेत स्वतःची कोणती भर घातली, हे ओळखावे कसे? त्यासाठी कोणकोणते धातू एकत्र आढळतात, हे पाहावे लागते. लोहासोबत ॲल्युमिनियम व टायटॅनियम ही मातीतल्याच प्रमाणात असतील, तर ती बहुधा मातीचीच धूळ होय. तांबे, अँटिमनी व बेरियम ही बरोबर आढळली, तर ब्रेकच्या झिजेचा संशय घ्यावा. जस्त वाढले असेल, तर टायरच्या झिजेचा. विजेवर चालणारी गाडी धूर सोडीत नाही, परंतु टायर तिचेही झिजतात.

शिशाची कथा निराळी आहे. पेट्रोलमध्ये शिसे मिसळणे भारतात २००० साली बंद झाले. तथापि जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविले जाते तेथे, तसेच जुन्या रंगाच्या पोपड्यांतून ते अद्यापि हवेत व धुळीत येते. मुले जमिनीलगत खेळतात, धुळीचे हात तोंडात घालतात, आणि शिसे वाढत्या मेंदूस अपाय करते. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार एक घनमीटर हवेत शिशाची वार्षिक सरासरी ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये.

जिल्ह्यातील सर्वांत बोलके उदाहरण परळी वैजनाथचे. तेथील औष्णिक विद्युत् केंद्र १९७१ साली सुरू झाले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळ, बहुधा तीस ते पंचेचाळीस टक्के असते. भट्टीच्या उष्णतेने कोळशातील आर्सेनिक, सेलेनियम व शिसे यांची काही प्रमाणात वाफ होते. धूर निवताना ती अतिसूक्ष्म राखकणांवर थिजते. धुराड्यापूर्वीची यंत्रे विद्युत्-प्रभाराने बहुतेक राख ओढून घेतात, परंतु निसटतात ते मुख्यतः हेच सूक्ष्म कण, आणि फुप्फुसात खोलवर पोहोचतात तेही हेच. साठविलेली राख वाळून वाऱ्याने उडाली, की तिचे कण पुन्हा हवेत मिसळतात.

शाळेत सूक्ष्मदर्शक असल्यास शेतातील धूळ व राख शेजारी ठेवून पाहावी. धूळ ओलसर फडक्याने टिपावी व नंतर हात धुवावेत. मातीचे कण कोनदार दिसतात. राखेतील पुष्कळ कण भट्टीत वितळून थंड झालेले असल्यामुळे काचेच्या मण्यांसारखे गोल असतात.