तिसरी तार

तुम्ही मे महिन्यात कधी वर्धा जिल्ह्यात गेला आहात काय? तेथे दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रस्ते ओस पडतात. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कोठेही जा. खिडक्यांना लोखंडी पत्र्याचे कूलर लावलेले दिसतात.

कूलरची रचना सोपी असते. खाली पाण्याची टाकी असते. छोटा पंप ते पाणी वर चढवून तीन बाजूंच्या ताट्यांवर सोडतो. पंखा बाहेरची गरम हवा ओल्या ताट्यांमधून आत ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता कमी होते आणि गार वारा येतो. विदर्भातील उन्हाळा कोरडा असतो, म्हणून तेथे कूलर चांगले काम देतो.

पण जरा विचार करा. पाणी, लोखंड आणि वीज एकाच ठिकाणी! कूलरचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात जवळजवळ दर उन्हाळ्यात येतात. त्यांत लहान मुलेही असतात.

हा धोका टाळण्यासाठी तिसरी तार असते. समजा, अब्बांनी नवा कूलर आणला आणि वायरमन काका त्याला प्लग लावत आहेत. तुम्ही नीट पाहा. केबलमध्ये तीन तारा दिसतील. बहुधा लाल तार वीज आणते; तिला फेज म्हणतात. काळी तार वीज परत नेते, ती न्यूट्रल. हिरवी तार अर्थिंगची. तिचे एक टोक प्लगच्या सर्वांत जाड व लांब पिनेला जोडतात. दुसरे टोक कूलरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळतात. त्या जागेचा रंग आधी खरवडतात, कारण रंगातून वीज नीट वाहत नाही. सॉकेटपासून पुढे अर्थिंगची तार जमिनीत पुरलेल्या धातूच्या पट्टीपर्यंत जाते.

एरवी ही हिरवी तार काहीच काम करत नाही, असे वाटते. म्हणून काही लोक ती कापून टाकतात व दोन पिनांचा प्लग लावतात. येथेच घात होतो. एखाद्या दिवशी लाल तारेचे आवरण झिजते आणि ती पत्र्याला टेकते. अर्थिंग चांगले असेल, तर वीज जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि प्रवाह बंद पडतो. अर्थिंग नसेल, तर २३० व्होल्टची वीज पत्र्यात तशीच राहते. मग कोणी ओल्या हाताने, अनवाणी उभे राहून कूलरला हात लावला, की वीज त्याच्या शरीरातून जमिनीकडे धावते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :
१. प्लग काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी भरू नका.
२. तारा स्वतः जोडू नका. ते काम परवाना असलेल्या वायरमनचे आहे.
३. कोणाला धक्का बसला, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.

आज घरी गेल्यावर एकच प्रश्न विचारा, "अब्बा, आपल्या कूलरला तिसरी तार आहे ना?"

शब्दार्थ
ओस पडणे - निर्जन होणे
दगावणे - मरण पावणे
घात होणे - मोठे नुकसान होणे
अनवाणी - पायांत चप्पल, बूट न घालता

स्वाध्याय
१. हिरव्या तारेची दोन टोके कोठे जोडतात?
२. पत्र्यावरील रंग का खरवडतात?
३. 'ओस पडणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.