धडधाकट दिसणारा अपंग

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका कार्यालयात माझे काम होते. अकरा वाजले होते आणि ऊन चांगलेच तापले होते. कार्यालयाच्या दाराजवळ, उताराला लागून, अपंगांच्या वाहनांसाठी राखीव जागा आहे. चाकाच्या खुर्चीचे चित्र असलेली निळी पाटी तेथे लावलेली आहे. पंचविशीतला एक तरुण मोटारसायकलवरून आला, त्या जागेत गाडी लावली आणि सरळ पायऱ्यांकडे चालू लागला.

पहारेकरी ओरडला, "ओ भाऊ, पाटी दिसत नाही काय? काढा गाडी!" दहा-पंधरा माणसे वळून पाहू लागली. मीही थांबलो आणि डॉक्टरकीच्या तोऱ्यात बोललो, "तरणाताठा माणूस तू. अपंगाची जागा अडवायला लाज कशी वाटत नाही?"

तरुणाने खिशात हात घातला. भोवतालच्या माणसांकडे पाहिले आणि हात तसाच रिकामा बाहेर काढला. काही न बोलता त्याने गाडी काढली, पार कंपाउंडच्या भिंतीपाशी नेऊन लावली आणि उन्हातून चालत परत आला. एक चांगले काम केले, अशा समाधानात मी आत गेलो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी एक बाई आपल्या मुलाला आधार देत दवाखान्यात घेऊन आल्या. तोच तरुण होता. उजव्या खुब्यात आणि पाठीत असह्य दुखत होते. त्यांच्या जाड फायलीत सगळे लिहिलेले होते. सिकलसेल, एसएस प्रकार. एमआरआयमध्ये उजव्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा रक्तपुरवठ्याअभावी मरत चालल्याची नोंद होती. फायलीच्या शेवटी अपंगत्वाचे रीतसर प्रमाणपत्र होते.

मी विचारले, "त्या दिवशी खिशात कार्ड होते ना? मग दाखवले का नाही?"

तो म्हणाला, "दाखवलं असतं डॉक्टरसाहेब. पण मग लोक विचारतात, काय झालं तुला? घरी बहिणीचं बघणं सुरू आहे. तिथं दोघं आमच्याच गावचे उभे होते."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याची माफी मागितली. त्याच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

त्याचे दुखणे त्या दिवशीच्या चालण्यामुळेच वाढले असे मी म्हणणार नाही. तसे सिद्ध करता येत नाही. पण ऊन, शरीरातले पाणी कमी होणे आणि दुखऱ्या सांध्यावर जादा भार या तिन्ही गोष्टी अशा रुग्णाने टाळायच्या असतात, आणि त्या दिवशी मी त्याला नेमके त्याच करायला लावले.

हा आजार विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत बराच आढळतो, म्हणून थोडे समजून घेऊ. आपल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. त्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांतूनही दुमडून निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू किंवा पाणी कमी पडले, ताप आला, फार थंडी लागली की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाचे रक्त तुटते. त्यातून भयंकर वेदना होतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच थोड्या असतात. त्या बंद झाल्या की हाड हळूहळू मरते आणि पुढे खचते. सुरुवातीला साधा एक्स-रेसुद्धा चांगला दिसू शकतो, मग नुसत्या नजरेला काय दिसणार? असा माणूस पहिली पन्नास पावले तुमच्या-माझ्यासारखीच टाकतो. दोनशे पावलांनंतर तो दात-ओठ खात चालतो. आपण त्याला गाडीवरून उतरताना पाहतो. परत येताना कोणी पाहत नाही.

असे इतरही बरेच रुग्ण असतात. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या गुडघ्यात रक्तस्राव होऊन सांधा खराब होतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात सकाळी बरा चालणारा माणूस दुपारच्या उन्हात गळून जाऊ शकतो. पँटच्या आत जयपूर फूट असलेला गृहस्थ इतका सफाईने चालतो की शेजाऱ्यालाही कळत नाही, पण जास्त चालले तर त्याच्या पायाच्या टोकाला जखम होते. हृदय कमकुवत झालेल्याला, दम्याने किंवा धुराने फुफ्फुसे निकामी झालेल्याला सपाटीवर शंभर पावलेही जड जातात. यातल्या कोणाच्याही कपाळावर आजार लिहिलेला नसतो.

मग आपली नजर का फसते? एक कारण ती निळी पाटी. चाकाच्या खुर्चीचे ते चिन्ह डेन्मार्कच्या सुझान कोफोड या विद्यार्थिनीने 1968 साली तयार केले. चिन्ह सोपे आहे, जगभर कळते. पण ते पाहून खुर्चीवर बसलेला तोच अपंग, अशी आपली समजूत झाली. कायदा तसे म्हणत नाही. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस हे त्यात आले. मात्र सिकलसेलचा नुसता वाहक, म्हणजे एएस प्रकार, हा अपंग नव्हे. एसएस रुग्णालाही किती टक्के अपंगत्व द्यायचे ते तपासणीनंतरच ठरते.

आता नाण्याची दुसरी बाजू. पहारेकरी उगाच ओरडला नव्हता. त्या जागेत रोज कोणीतरी "पाचच मिनिटं" म्हणून गाडी लावतो. कधी पाण्याचे जार उतरतात, कधी साहेबांची मोटार उभी राहते. अपंगांच्या मोटारीसाठीची जागा सुमारे 3.6 मीटर रुंद ठेवायची असते. ती उधळपट्टी नव्हे. दार पूर्ण उघडून बाजूला चाकाची खुर्ची लावता यावी, यासाठी ती रुंदी असते. बाजूची चाके लावलेल्या स्कूटरलाही तेवढी मोकळी जागा लागते. तुमची पाच मिनिटे म्हणजे एखाद्याला काम न करता घरी परत जावे लागणे. आणि अशा फुकट्यांमुळेच खऱ्या गरजवंतावर संशय घेतला जातो.

कायदा दोन्ही बाजूंनी कडक आहे. अपंगांसाठीचा लाभ खोटेपणाने घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तसेच अपंग व्यक्तीला लोकांदेखत, मानहानी करण्याच्या हेतूने अपमानित करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड सांगितला आहे. ते कलम मी फाइल पाहिल्यानंतर वाचले.

वाचकांनी एवढे करावे :

१. राखीव जागेत आपली गाडी पाच मिनिटेही लावू नये. घरातल्या अपंगाचे कार्ड खिशात आहे, पण तो माणूस गाडीवर नाही, अशा वेळीही लावू नये.

२. ज्यांना कायद्यात बसणारा आजार आहे त्यांनी लाज न बाळगता जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. गाडीवर अपंगाचे चिन्ह लावले तर बरेच प्रश्न विचारलेच जात नाहीत.

३. हृदयविकार किंवा डायलिसिसचे रुग्ण त्या एकवीस प्रकारांत येत नाहीत. त्यांना राखीव जागेचा हक्क नसला तरी दारापर्यंत गाडी आणून उतरवू द्यायला काय हरकत आहे? पहारेकऱ्यांना तशी सूचना देऊन ठेवावी.

४. विचारायचे काम पहारेकऱ्याचे आहे. त्याने जवळ जाऊन, हळू आवाजात, एवढेच विचारावे : "कार्ड आहे का?" कार्ड दिसले की विषय संपला. आजार कोणता, हे विचारू नये.

५. इतरांनी मध्ये पडू नये. गाडी चुकीची वाटली तर कार्यालयात सांगावे. माणसाला चारचौघांत बोलू नये. एस.टी.तल्या राखीव बाकावर बसलेल्या तरुणालाही हाच नियम लावावा.

त्या तरुणाच्या बहिणीची रक्ततपासणी करून घेतली. लग्नाआधी दोन्हीकडच्या मुलामुलींनी ही तपासणी करावीच, कारण दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. ही गोष्ट सोयऱ्यांपासून लपवू नये, असे मी त्या मायलेकांना समजावून सांगितले. पण ती कधी आणि कोणाला सांगायची हे त्या घराने ठरवायचे आहे. एका गाडीच्या जागेसाठी भर रस्त्यात ती सांगायला लावण्याचा हक्क मला नव्हता, आणि तुम्हालाही नाही.

मागच्या आठवड्यात त्या कार्यालयात पुन्हा जाणे झाले. पहारेकऱ्याला मी बाजूला घेऊन चूक माझीही होती हे सांगितले. तो म्हणाला, "साहेब, आम्हाला तरी कोणी शिकवलं?" त्याचे म्हणणे खरे होते. म्हणून हा लेख.