रुंद टायरचा मोह आणि शहापूर-मुरबाडची जमीन

हौशी शर्यतीसाठी मोटार सज्ज करताना बहुतेक तरुण चालक सर्वप्रथम रुंद रिम आणि रुंद टायर खरेदी करतात, आणि ब्रेक, शॉकअब्सॉर्बर किंवा चालकाची आसनव्यवस्था यांच्याकडे त्यानंतर, हाती पैसे उरलेच तर वळतात. या क्रमातील चूक शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत इतर ठिकाणांपेक्षा लवकर उघडी पडते, कारण येथील माती आणि येथील पाऊस या दोहोंचेही रुंद टायरशी फारसे सख्य नाही. गाडी कोणत्या पृष्ठभागावर, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या प्रकारच्या स्पर्धेत धावणार, हे ठरल्यानंतरच रुंदीचा विचार करणे योग्य ठरते.

रुंद टायर म्हणजे जमिनीला टेकलेले अधिक रबर, ही समजूत सार्वत्रिक असली तरी ती अर्धीच खरी आहे. टायरचा जो भाग प्रत्यक्ष जमिनीला चिकटलेला असतो, त्याचे क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरील भार आणि आतील हवेचा दाब यांवरून ठरते. सुमारे ९०० किलो वजनाच्या, पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या मोटारीत पुढच्या एका चाकावर साधारण २७० किलो भार येतो आणि ३२ पीएसआय दाबाला हे क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास एका पोस्टकार्डाएवढे भरते. टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, केवळ त्याचा आकार बदलतो, आणि लांबट ठसा आडवा व आखूड होतो. कोरड्या डांबरावर वळण घेताना हा आडवा ठसा खरोखरच उपयोगी पडतो, कारण रबर कमी मुरडते, उष्णता अधिक रबरात विभागली जाते आणि सुकाणूला प्रतिसाद तत्पर मिळतो. तथापि मऊ रबराचा अरुंद टायर कठीण रबराच्या रुंद टायरला अनेकदा मागे टाकतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

रुंदीची किंमत गाडीच्या इतर अवयवांना मोजावी लागते. १८५/६५ आर १५ या खुणेत १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ ही साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, उंचीची रुंदीशी असलेली टक्केवारी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. या टायरचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. त्याऐवजी २०५/५५ आर १५ बसवल्यास व्यास ६०६.५ मिलिमीटरवर उतरतो, त्यामुळे वेगमापक सुमारे अडीच टक्के अधिक वेग दाखवू लागतो आणि गाडीचा तळ साडेसात मिलिमीटर खाली येतो, जे खडीच्या वाटेवर मुळीच परवडणारे नसते. ऑफसेट, म्हणजे रिमचा मध्य आणि ती हबला टेकते तो पृष्ठभाग यांतील अंतर, हा त्याहून नाजूक विषय आहे. साडेपाच इंचांऐवजी सात इंचांची रिम घेतली आणि ऑफसेट ४५ वरून ३५ मिलिमीटरवर आला, तर बाहेरची कड सुमारे २९ मिलिमीटर बाहेर सरकते, तर आतली कड ९ मिलिमीटर आत शिरते. मग पूर्ण सुकाणू वळवताच किंवा खड्ड्यात चाक दबताच टायर मडगार्डला घासतो, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि सुकाणू हातात झटके देऊ लागते. स्पेसर, म्हणजे रिम आणि हब यांमधली चकती, लावून हे निस्तरू पाहणे म्हणजे एका दोषावर दुसरा चढवणे होय. शिवाय चाकाच्या कडेला वाढलेला एक किलो, गती घेताना गाडीत ठेवलेल्या जवळजवळ दोन किलोंइतका जड पडतो, आणि छोट्या इंजिनाला तो लगेच जाणवतो.

आता जमिनीकडे वळावे. या परिसरातील हौशी चालकाला मिळणारी स्पर्धा प्रायः ऑटोक्रॉसची, म्हणजे मोकळ्या मैदानावर आखलेल्या मातीच्या मार्गावर घड्याळाविरुद्ध एकेकट्याने धावण्याची असते, आणि अधिक सरावलेल्यांना कसारा घाटापलीकडे नाशिककडील रॅलीचे आकर्षण असते. भाताची कापणी झाल्यावर सुकलेल्या जमिनीवर वा मुरमाच्या माळावर वरचा थर भुसभुशीत आणि खालचा टणक असतो. अरुंद टायर तो सुटा थर कापून टणक भागाला भिडतो, तर रुंद टायर त्यावर घसरत राहतो. जागतिक रॅली स्पर्धेतही खडीच्या मार्गांवर १५ इंची अरुंद आणि डांबरावर १८ इंची रुंद चाके वापरतात, तर स्वीडनच्या बर्फावर खिळे ठोकलेले अरुंद टायर असतात. तळ न लागणाऱ्या चिखलात मात्र रुंद ठसा गाडीला तरंगते ठेवतो, हा अपवाद मान्य केला पाहिजे, पण तो शर्यतीच्या मोटारीपेक्षा जीपवाल्यांच्या कामाचा आहे.

तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथे पावसाळी रस्त्याचा विचार वगळून टायर निवडणे विचित्रच म्हणावे लागेल. रुंद आणि आखूड ठशाखालून पाणी बाहेर पडण्यास वेळ कमी मिळतो, म्हणून पाण्याच्या थरावर टायर तरंगण्याची अवस्था कमी वेगालाच येते, आणि झिजलेल्या खाचांनी ती आणखी अलीकडे ओढली जाते. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुलैमध्ये धुके आणि वाहते पाणी एकत्र येते, तेव्हा स्पर्धेचे टायर लावून घरी परतणे धोक्याचेच असते. दोन संच बाळगणे खर्चिक असले तरी येथे त्याला पर्याय नाही. घाटातील वळणे ही चाचणीची जागा समजणाऱ्यांनी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८९ वाचावे. राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक जागी शर्यत वा वेगचाचणी करणे हा गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळीही तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

खरेदीपूर्वी स्पर्धेची नियमावली पाहून आपल्या गटात किती रुंदीची मुभा आहे हे तपासावे, आणि मूळ मापापासून एकच पायरी, जसे १८५ वरून १९५, इतकाच बदल करून हवेचा दाब दोन-दोन पीएसआयने कमीजास्त करत वेळ नोंदवावी, कारण पुष्कळदा रुंदीने मिळेल असे वाटलेले सेकंद दाबातच सापडतात. जुना संच स्वस्तात मिळत असेल, तर साइडवॉलवरील चार आकडी खूण वाचावी. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, आणि खाचा कितीही खोल दिसल्या तरी उन्हात पडून कडक झालेले असे रबर टणक मुरमावर पकड देत नाही.