आईला पाच तास सांग

नागपूरच्या नोकरीला हो म्हणालीस, छान केलंस. मागे हटू नकोस. फक्त आईला जे सांगितलंस ना, "विमानानं पावणेदोन तास, कधीही येईन," त्याबद्दल जरा बोलायचंय.

आपल्या नाशिकचं ओझर विमानतळ ते नागपूरचं सोनेगाव विमानतळ हवेतून सरळ मोजलं तर साधारण साडेपाचशे किलोमीटर. गाडीनं समृद्धी महामार्ग धरलास तरी सहाशेच्या वर, म्हणजे अख्खा दिवस गेला. आपल्याकडच्या लहान विमानतळांवर बहुतेक एटीआर येतं, पंख्यांचं. वर गेल्यावर त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. मग सव्वा तासात का नाही पोचत? कारण तिकिटावरच्या वेळेत विमान जागेवरून हलल्यापासून ते उतरून पुन्हा उभं राहीपर्यंत सगळं धरलेलं असतं. हिवाळ्यात तर वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, म्हणजे नागपूरहून येताना नेमका समोरून.

आता तुझा हिशेब घरापासून मांड. तिथलं घर ते सोनेगाव अर्धा तास. विमानाच्या आधी दीड तास पोच, कारण सामानाचा काउंटर बहुधा तासभर आधीच बंद होतो. एटीआरमध्ये वरचे कप्पे चिंचोळे. तुझी ती टम्म फुगलेली बॅग बसणार नाही, ती खालीच द्यावी लागेल. म्हणून ओझरला पट्ट्यापाशी पंधरा-वीस मिनिटं. तिथून शहर वीसेक किलोमीटर, द्वारका चौकातला ट्रॅफिक धरून पाऊण तास. विमानाचे पावणेदोन तास मिळवून झाले की नाही पाच तास?

आणि विमान लहान गावाचं आहे, हे विसरू नकोस. मुंबईला एक चुकलं तर दुसरं मिळतं. इथं रद्द झालं तर बहुधा थेट उद्याच. मार्चअखेरीला आणि ऑक्टोबरअखेरीला वेळापत्रकं बदलतात, कधी मार्गच बंद होतो. तेव्हा घर शोधताना 'विमान आहेच' या भरवशावर राहू नकोस. स्टेशनही हाताशी असू दे. विदर्भ, सेवाग्राम या गाड्या आहेतच. संध्याकाळी नाहीतर रात्री बसायचं, पहाटे नाहीतर सकाळी उतरायचं. लग्नकार्याला, दवाखान्याच्या कामाला आदल्या दिवशीच निघ.

खरं सांगू? मला काळजी तुझ्या प्रवासाची नाही, त्या 'कधीही'ची आहे. आई ते शब्दशः धरते. मग दर शनिवारी तुझ्या वाटणीचं दूध जास्त घेईल आणि काही बोलणार नाही. तू तिकडे उगाच मनाला लावून घेशील. त्यापेक्षा दोन महिन्यांतली एक तारीख ठरव, तिकीट काढ आणि तिला तारीखच सांग. दुपारी पोचणार असशील तर संध्याकाळ म्हण. लवकर आलीस म्हणून आई काही रागावत नाही.